प्रदूषण, पसरणारं सोलापूर आणि बिघडणारी जमीन : तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांकडून येतात. भूगोलाची परीक्षा देणारी पोरं, हद्दवाढ भागात (प्रश्न ४) किंवा शहराबाहेर प्लॉट बघणारी माणसं आणि गावाकडचे शेतकरी. दरवेळी नव्यानं टाइप करायला नको म्हणून सगळं एका जागी घेतलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडं लागली तर नंबर दिलाय, तिकडं जाऊन वाचा.

१. प्रदूषण, शहरांची वाढ आणि जमिनीचा ऱ्हास हे पुस्तकात वेगळे धडे आहेत, तुम्ही सगळं एकत्र का बोलता?

पुस्तकात वेगळे असले तरी जागेवर ते वेगळे नाहीत. उजनी धरणच घ्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत गेलं, तिथलं सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आलं आणि भीमेतून उजनीत साठलं, ते पाणी कालव्यानं आपल्या जिल्ह्यात उसाला गेलं, उसाला गरजेपेक्षा जास्त दिलं की रान चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट, व्हायला लागतंय (प्रश्न १५), तेच पाणी आपल्या नळाला पण येतंय आणि आपण वापरून सोडलेलं पाणी परत नाल्यातून खालच्या गावांकडं जातंय. आता यात प्रदूषणाचा धडा कुठं संपला आणि जमिनीचा कुठं सुरू झाला ते सांगा. म्हणून मी पोरांना एकच सांगतो, कुठलाही असा प्रश्न आला की आधी नकाशावर उतार बघा, आपल्या वर कोण आहे आणि आपल्या खाली कोण आहे. सोलापूर दोन्हीकडं आहे. पुण्याच्या खाली आहे म्हणून आपण सोसतो आणि सीना-भीमेच्या काठच्या गावांच्या वर आहे म्हणून त्यांना सोसायला लावतो. तक्रार करताना पहिली बाजू सगळ्यांना आठवते, दुसरी आठवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२. आपल्याकडं पाऊसच कमी, मग माती वाहून जाईलच कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोकांना पटत नाही. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ५५० मिलिमीटरच्या आसपास, पण तो रोज थोडा थोडा पडत नाही, थोड्याच मोठ्या झडींत पडतो आणि जोर असतो सप्टेंबरात. आता आपली मुख्य पद्धत काय, तर भारी काळ्या रानात रब्बीची ज्वारी. म्हणजे पावसाळाभर ते रान मोकळं ठेवायचं, ओल मुरवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं. पेरणीसाठी हे बरोबरच आहे, पण जेव्हा मोठा पाऊस येतो तेव्हा नेमकं रानावर काहीच नसतं. थेंबाचा मार थेट मातीवर, वरची ढेकळं फुटतात, बारीक कण भेगांत आणि छिद्रांत बसून वरचा थर बंद होतो आणि मग पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं. माळाच्या हलक्या मुरमाड जमिनीत तर मुळात वीतभर माती, ती गेली की खाली बेसाल्टचा कातळ.

सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं ते उगीच नाही. बांधबंदिस्ती, उताराला आडवी मशागत, ओल टिकवायला कोळपणी, पेरणीचं अंतर वाढवणं, हे सगळं इथं रानात करून बघून लोकांना सांगितलं गेलं. आज बांध कोरून दोन सऱ्या जास्त काढणारे बघितले की त्या कामाची आठवण होते.

३. जमिनीचा ऱ्हास आणि वाळवंटीकरण एकच का? परीक्षेत काय लिहू?

ऱ्हास कुठंही होऊ शकतो, कोकणात पण. कोरड्या, निमकोरड्या भागात तो झाला की त्याला वाळवंटीकरण म्हणतात, म्हणजे आपल्याकडं दोन्ही शब्द लागू. वाळूचे ढिगारे दिसायलाच पाहिजेत असं काही नाही. इस्रोच्या नकाशासंग्रहाप्रमाणे २०१८-१९ मध्ये देशातली ९७.८५ दशलक्ष हेक्टर जमीन ऱ्हास झालेली, म्हणजे एकूण क्षेत्राच्या जवळजवळ ३० टक्के. कारणांत पाण्यानं होणारी धूप आणि झाडोरा कमी होणं ही दोन आधी लिहा, मग वारा आणि क्षार.

४. हद्दवाढ हद्दवाढ म्हणतात ते नेमकं काय झालं होतं?

५ मे १९९२ ला आजूबाजूची गावं महापालिकेत घेतली. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी वगैरे. शहर साधारण ३३ चौरस किलोमीटरचं होतं ते एका दिवसात १७८ च्या वर गेलं, पाचपटीपेक्षा जास्त. त्यात कितीतरी भाग म्हणजे नुसती शेती होती. कागदावर ते शहर झालं पण ड्रेनेज, रस्ता, नळ एका दिवसात येत नाही, त्यामुळं तीसेक वर्षांनंतर पण हद्दवाढ भाग हा शब्द लोक तक्रारीच्या सुरातच वापरतात.

५. मग सोलापूरची लोकसंख्या लई वेगानं वाढली म्हणून हे सगळं झालं, असं लिहिलं तर बरोबर ना?

नाही, आणि इथं बऱ्याच जणांचे मार्क जातात. १९९१ ला शहर ६ लाख ४ हजार, २००१ ला ८ लाख ७२ हजार, वाढ ४४ टक्के दिसते. पण मधे प्रश्न ४ मधली हद्दवाढ झालेली आहे, म्हणजे माणसं आली त्यापेक्षा हद्द माणसांपर्यंत गेली. खरी चाल बघायची तर पुढचं दशक बघा, तेव्हा हद्द तीच होती. २०११ ला ९ लाख ५१ हजार, दहा वर्षांत फक्त ९ टक्के वाढ. त्याच काळात सगळा जिल्हा १२ टक्के वाढला, म्हणजे शहर जिल्ह्यापेक्षा हळू वाढलं. गिरण्या बंद पडल्या, पोरं पुण्याला गेली, हे सगळ्यांना घरातूनच माहीत आहे.

आणि तरी शहर पसरतच राहिलं. जुळे सोलापूर भरलं, विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोडला प्लॉटिंग लांबलांब गेलं. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर उभं राहिलं, त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली, विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा लोकांना हक्काचं पक्कं घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे, पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे हे सगळे लोक शहराच्या आकड्यात येत नाहीत आणि कामाला मात्र शहरात येतात. म्हणून उत्तरात गर्दीपेक्षा पसरण लिहा. माणसं थोडी वाढली, पण रस्ता, पाइप, वाहन आणि खाल्लेलं रान त्यापेक्षा कितीतरी जास्त वाढलं.

६. शहराबाहेर गुंठ्यावर जागा स्वस्त मिळतेय, घेऊ का?

कायद्याचं आधी. एनए (बिनशेती परवानगी) नाही, मंजूर लेआउट नाही आणि तुकडा पाडून दिलाय तर वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाव मिळाला, त्यामुळं आज पाडलेला तुकडा उद्या आपोआप नियमित होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता भूगोलाचं. तीन गोष्टी विचारा, सांडपाणी कुठं जाणार, पिण्याचं पाणी कुठून येणार आणि पावसाचं पाणी कुठून वाहतं. बहुतेक ठिकाणी पहिल्याचं उत्तर शोषखड्डा असतं आणि दुसऱ्याचं बोअर, आणि दोन्ही एकाच गुंठ्यात. भेगाळ कातळावर हे फार धोक्याचं, कारण मैलापाणी गाळून न निघता सरळ भेगांतून खाली उतरतं. बोअरच्या पाण्यात नायट्रेट तपासून घ्या, ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर ते पाणी लहान बाळाला अजिबात देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तिसऱ्या गोष्टीसाठी प्रश्न ८ वाचा.

७. काळ्या मातीत बांधलेलं घर तडकतं हे खरंय का?

खरंय. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्याच घराखाली पण पडतात. पाया मुरूम किंवा कातळापर्यंत न्यायचा, खड्डा मुरमानं भरून घ्यायचा, आणि शोषखड्डा पायाला चिकटून काढायचा नाही.

८. आमच्या भागात आधी कधी पाणी शिरत नव्हतं, आता एका पावसात घरात येतंय. पाऊस वाढला का?

ऑक्टोबर २०२० ला किंवा सप्टेंबर २०२५ ला जो पाऊस आणि सीनेचा पूर झाला तो खरंच मोठा होता, ते नाकारता येत नाही. पण साध्या पावसात पण पाणी शिरत असेल तर ओढ्याचा इतिहास बघा. सोलापूर सखल-उंच आहे, आदिला नदी, शेळगी नाला आणि असंख्य छोटे ओढे हे पाण्याचे जुने रस्ते. भराव टाकून, पाइप घालून, वर प्लॉट पाडून ते अरुंद केले. वर्षभर कोरडा असलेला ओढा लोकांना रिकामी जागा वाटतो. हिप्परगा तलाव भरून वाहिला की पाणी आदिलेतूनच येणार, ते आपली वाट सोडत नाही.

प्लॉट घेण्याआधी गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेखमधून काढा, ऑनलाइन पण दिसतो, त्यात ओढा कुठून जातो ते दाखवलेलं असतं. आणि शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आज्जीला विचारा, की आज्जी इथं पाणी कुठवर यायचं.

९. उजनी ११७ टीएमसीचं धरण, तरी आम्हाला चार-पाच दिवसांनी पाणी, असं का?

कारण धरणात पाणी असणं आणि नळाला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब करा. शहराला रोज १५ कोटी लिटर धरलं तरी वर्षाला ५,४७५ कोटी लिटर होतं. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. म्हणजे सगळ्या शहराला वर्षभर पुरेल ते दोन टीएमसी पण होत नाही. तेवढ्यासाठी उजनी अडत नाही.

अडतं ते वाटेत. पाणी दोन मार्गानं येतं, एक उजनीहून शंभरेक किलोमीटरच्या पाइपलाइननं आणि दुसरं भीमा नदीत सोडून खाली औज-चिंचपूर बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलायचं. दुसऱ्या मार्गात कित्येक टीएमसी नदीत सोडावं लागतं तेव्हा शहराच्या वाट्याला थोडं लागतं, बाकीचं वाळूत मुरतं, उन्हानं उडतं, काठावरच्या मोटारी ओढतात. शिवाय हिप्परगा आहे, १८७१ चा, पण तो पावसावर. आणि शहरात आल्यावर हद्दवाढ भागात टाक्या आणि आतल्या पाइप पुरेशा नाहीत (प्रश्न ४ आणि ५). पसरलेल्या शहराला पाणी पोचवणं महाग पडतं ते असं.

याचा एक परिणाम कुणी लक्षात घेत नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून घरोघर पिंप, हौद भरून ठेवतात आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. झाकण घट्ट पाहिजे आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं केलं पाहिजे.

१०. उजनी वजा ५० टक्के म्हणजे धरणात पाणीच नाही का?

आहे. टक्केवारी उपयुक्त साठ्याची काढतात, तो साधारण ५३.५ टीएमसी. त्याखाली ६३.६ टीएमसी मृत साठा. वजा ५० म्हणजे मृत साठ्यातून पावणेसत्तावीस टीएमसी वापरलं, अजून सदतीसेक शिल्लक. पण तळाकडचं पाणी गाळाचं आणि वरून येणारं सांडपाणी उन्हाळ्यात पण थांबत नाही, त्यामुळं पाणी कमी तशी घाण दाट होत जाते.

११. उन्हाळ्यात पाण्याला मातकट वास येतो, पाणी हिरवट दिसतं. उकळलं की झालं ना?

हिरवेपणा शेवाळाचा. वरच्या शहरांच्या सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला खतच, त्यात ऊन आणि स्थिर पाणी. जलपर्णी पण त्यावरच वाढते. उकळल्यानं जंतू मरतात, ते करायलाच पाहिजे. पण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष सोडतात आणि ते उकळून जात नाही. म्हणून जलाशयाच्या काठाला हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली असेल तर तिथलं पाणी जनावरांना पाजू नका. नळाच्या पाण्याला नेहमीपेक्षा वेगळा वास आला तर तारीख लिहून महापालिकेत कळवा आणि तपासणीचा रिपोर्ट मागा, तो मागायचा हक्क आहे आपला.

१२. चादर-टॉवेलच्या डाईंगचं पाणी प्रक्रिया करून सोडलं, रंग गेला, मग चिंता कशाची?

मिठाची. सुती धाग्यावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग बसवायला साधं मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर घालतात, ते धाग्यात राहत नाही, पाण्याबरोबर बाहेर येतं. नेहमीची सांडपाणी प्रक्रिया रंग आणि सेंद्रिय घाण कमी करते, विरघळलेलं मीठ तसंच राहतं. त्यासाठी आरओ किंवा पाणी आटवायची यंत्रणा लागते, ती एकट्या लहान युनिटला परवडत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की हा खर्च सामायिक प्रकल्पातून आणि सरकारी मदतीनंच व्हायला पाहिजे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हजारो घरं त्यावर चालतात, कारखाना बंद करा म्हणणं सोपं आहे. पण नाल्याच्या पाण्यावर काळं रान भिजवणाऱ्याला या सोडियमचं काय मोजावं लागतं ते प्रश्न १५ मध्ये बघा.

१३. नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी खायची की नाही?

नाल्यात काय मिसळतं त्यावर आहे. नुसतं घरगुती मैलापाणी असेल तर मुख्य भीती जंत आणि जंतूंची, तेव्हा कोथिंबीर, मुळा, काकडी असं कच्चं खायचं टाळा, शिजवून खाल्लं की तो धोका बराच जातो. कारखान्यांचं किंवा वर्कशॉपचं पाणी मिसळत असेल तर जड धातू पानांत साठू शकतात, ते ना धुऊन जातात ना शिजवून. शेतकऱ्यावर राग काढू नका, त्याला दुसरं पाणी नाही. देगाव, कुमठे, प्रतापनगरला प्रक्रिया केंद्रं आहेत, शुद्ध झालेलं पाणी नीट वाटून मिळालं तर हाच माणूस ते आनंदानं घेईल.

१४. सोलापुरात कारखाने फार नाहीत, मग हवा खराब कशी?

धुळीमुळं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. आपल्याकडं प्रश्न मुख्यतः पीएम१० चा, म्हणजे जाडसर धूळ, त्याची वर्षाची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. उखडलेले रस्ते, कडेची माती, बांधकाम, वाळू-मुरमाचे उघडे डंपर, खडीक्रशर. त्यात पेटवलेला कचरा आणि गळीत हंगामात पेटवलेलं पाचट. हिवाळ्यात पहाटे थंड हवा खाली बसते आणि सगळं खालीच कोंडतं, म्हणून पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी दमा असेल तर ऊन पडल्यावर जावं. आकडा बघायचा तर समीर अ‍ॅपवर बघा, पण एका केंद्राचा आकडा सगळ्या शहराचा नसतो, तुमच्या चौकातली धूळ त्यात नाही.

१५. रानात पांढरं फुटलंय, जिप्सम किती टाकू?

आधी थांबा. किती टाकू याच्या आधी टाकू का हे ठरवा, आणि ते माती तपासल्याशिवाय कळत नाही. जमीन दोन वेगळ्या तऱ्हेनं बिघडते.

खारवट असेल तर वर पांढरा थर येतो, विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत. यात क्षार विरघळणारे असतात, त्यामुळं उपाय म्हणजे चांगलं पाणी देऊन क्षार खाली धुणं आणि ते बाहेर काढायला चर. इथं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे घालवणं.

चोपण असेल तर सामू ८.५ च्या वर, आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त. माती ओली असताना चिकट चिखल, वाळली की दगड, पाणी वर साचून राहतं. इथं जिप्सम लागतं, त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो. पण हटवलेलं सोडियम बाहेर गेलं पाहिजे, निचरा नसेल तर ते तिथंच राहतं. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी असते, अशा ठिकाणी गंधक पण चालतं कारण ते मातीत आम्ल होऊन चुनखडीतलाच कॅल्शियम मोकळा करतं, वेळ मात्र जास्त लागतो.

दोन्ही मिळून असेल, म्हणजे क्षार पण आणि सोडियम पण, तर नुसतं पाणी देऊन धुऊ नका. क्षार निघून जातात, सोडियम मागं राहतं आणि रान पहिल्यापेक्षा घट्ट होतं. आधी जिप्सम, मग धुणं.

मूळ कारण मात्र बहुतेक ठिकाणी एकच, कालवा आला, ऊस खाईल तेवढं पाट पाणी दिलं, निचरा केलाच नाही, खालची पाणीपातळी वर आली आणि उन्हानं पाणी उडून क्षार वर राहिले. सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा चांगला चालतो पण एकट्यानं करून भागत नाही, तुमचं पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तर भांडणच. ओढ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून लाइन काढावी लागते. धैंचा (हिरवळीचं खत) पेरून गाडणं सोपं आणि स्वस्त, निदान तेवढं तरी सुरू करा.

१६. मग ऊस बंदच करायचा का?

जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने, ज्याच्यामागं एवढी घरं आहेत ते एका वाक्यात बंद करा म्हणणाऱ्यातला मी नाही. पण पाट पाण्यावरचा ऊस बंद झाला पाहिजे, ठिबकवर आणा, पाचट पेटवू नका, आणि निचरा नसलेल्या भारी रानात खोडव्यावर खोडवा घेऊ नका. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब दोन्हीला भौगोलिक मानांकन मिळालंय, कमी पाण्यात काय जमतं हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही, फक्त त्याला हमीचा भाव पाहिजे.

१७. तलावातला गाळ शेतात टाकणं चांगलं ना?

पाझर तलावाचा, गावतळ्याचा गाळ हलक्या मुरमाड रानात टाकला तर फार चांगला, ओल धरतो. २०१७ पासून त्यासाठी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना पण आहे. दोन ठिकाणी मात्र टाळा. आधीच भारी काळ्या रानात टाकून उपयोग नाही, निचरा आणखी बिघडतो. आणि शहरातल्या किंवा शहराच्या सांडपाण्याखालच्या तलावाचा गाळ जड धातूंची तपासणी केल्याशिवाय अजिबात नको (कारण प्रश्न १३ मधलंच).

१८. नान्नजचा माळ नुसता पडीक आहे, तिथं झाडं लावली तर चांगलंच ना?

नाही हो. गवताळ माळ ही कमी पावसाच्या प्रदेशातली पूर्ण वाढलेली परिसंस्था आहे, कागदावर तिला पडीक लिहिलं म्हणून ती पडीक होत नाही. १९७९ ला माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते या गवतावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठीच. आधी क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शहरं सगळं आलेलं, लोकांना बांधकामाला, खरेदी-विक्रीला अडचण, तो राग खरा होता आणि पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ केलं. पण मधल्या काळात माळ नांगरले गेले, ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली आणि उघड्यावर लांबवर बघत राहणारा पक्षी अशा झाडीत राहत नाही. काळवीट आणि लांडगा अजून आहेत. मेंढपाळ पण याच माळावर जगतात. गवताची मुळं त्या वीतभर मातीला धरून ठेवतात (प्रश्न २), माळ नांगरला की दोन-तीन पिकं येतात आणि मग मुरूम वर येतो.

१९. आमच्याकडं नाल्यात रंगीत पाणी येतं, कचरा पेटवतात. तक्रार कुठं करू?

घरगुती सांडपाणी, कचरा, रस्त्याची धूळ असेल तर महापालिकेचं झोन ऑफिस. कारखान्याचं पाणी किंवा धूर असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सोलापूरचं ऑफिस. वाळू आणि मुरूम उपसा तहसीलदाराकडं. हद्दीबाहेरचं असेल तर ग्रामपंचायत आणि त्यावर पंचायत समिती. ऑनलाइन आपले सरकार पोर्टलवर पण टाका, नंबर मिळतो.

तक्रारीत फोटोबरोबर तारीख, वेळ, नेमकी जागा आणि पाणी कुठल्या बाजूनं येतंय ते लिहा. डाईंगचं पाणी बऱ्याचदा ठराविक वेळीच येतं, आठवडाभराच्या वेळा लिहून दिल्या तर नमुना घ्यायला येणाऱ्या माणसाला कधी यायचं ते कळतं. स्वतः बाटलीत भरून नेलेलं पाणी पुरावा म्हणून चालत नाही, नमुना अधिकाऱ्यानंच घ्यावा लागतो. आणि नाला ज्या गावाकडं जातो तिथल्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या त्याच अर्जावर घ्या, आतापर्यंत असे अर्ज फार कमी बघितलेत.